शनिवारवाले, रविवारवाले आणि मी

हॉल भाड्याने घेणाऱ्याला त्याचा कार्यक्रम दिसतो. मला दिसतो तो दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ. बारशाची मंडळी जिना उतरत असतात, वाढदिवसाचे फुगे जिना चढत असतात, आणि त्या मधल्या तास-दीड तासात माझी नोकरी असते. अक्षता कोरड्या झाडूने निघत नाहीत, खुर्चीच्या सांध्यात जाऊन बसतात. त्या ओल्या फडक्याने टिपाव्या लागतात. फुग्यांची चिकटपट्टी वेळेवर काढली नाही तर भिंतीच्या रंगासकट निघते. केकचं क्रीम हटकून पंख्याच्या बटणावर सापडतं. ते तिथे कसं जातं हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आमच्या भागातल्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. त्यांनी सांगितलं, तुमच्या कामाचे अनुभव लिहून द्या. मी म्हटलं, आठवीत शाळा सुटलेला माणूस मी, परभणीकडून आलेला, मला काय लिहिता येणार. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तर बोलतो.

हॉल तळवड्यात आहे. खाली गाळे, वर हॉल, हॉलबाहेर रस्त्याच्या अंगाला लांब गॅलरी आणि त्यावर गच्ची. मालक नाना. गावातलं जुनं शेतकरी घराणं; शेत गेलं, गाळे आले. लोखंडी पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या ज्या प्रेसशॉपमध्ये मी हेल्पर होतो ते बंद पडलं, तेव्हा नानांनी किल्ली हातात दिली आणि जिन्याखालची खोली राहायला दिली. त्या दिवसापासून एकच धास्ती आहे, की आपल्या हातून काही चुकेल आणि किल्ली परत द्यावी लागेल. कुलूप लावून मी अर्ध्या वाटेतून परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. माझी बायको कुसुम म्हणते, कुलपालाच एक दिवस तुमचा कंटाळा येईल.

आमच्याकडे साखरपुडे, डोहाळजेवणं होतात, बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीचा कार्यक्रमही इथेच होतो. पण कायमची गिऱ्हाइकं म्हणाल तर दोन. एक शनिवारवाले आणि एक रविवारवाले. दोन्ही ख्रिस्ती मंडळ्या, दोन्ही मराठी. बायबल एकच, त्याला दोघंही शास्त्र म्हणतात, बरीचशी गाणीही एकच. सुरुवातीला मला वाटायचं, एकाच कंपनीच्या दोन पाळ्या असाव्यात. शनिवारवाले त्यांच्या दिवसाला शब्बाथ म्हणतात आणि त्या दिवशी काम करत नाहीत. रविवारवाले आठवड्याच्या पहिल्या दिवशी उपासना करतात, कारण प्रभू त्या दिवशी मेलेल्यांतून उठला. एवढं मला कळायला दोन-तीन महिने लागले. नानांना कळायला मात्र एक साखरपुडा लागला.

झालं असं, की नानांच्या भावकीतल्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि नानांनी शुक्रवारची संध्याकाळ देऊन टाकली. शुक्रवारी संध्याकाळी शनिवारवाले जमतात हे मी त्यांना सांगत होतो, पण नानांचं म्हणणं सरळ होतं. "आरं, शनवारवाली मान्सं हायती ना ती? मंग सुक्करवारी काय काम त्यांचं?"

संध्याकाळी एका बाजूने नवरीकडचे लोक आले आणि दुसऱ्या बाजूने, पांढरे शर्ट घालून, शनिवारवाले. मी जिन्यात मध्ये. तेव्हा त्यांच्यातले दावीदकाका पुढे झाले. रिटायर वेल्डर, अंगाने बारीक, आवाज खालचा. त्यांनी नानांना गॅलरीत नेलं आणि पश्चिमेकडे बोट केलं. डोंगरामागे सूर्य टेकला होता.

"नाना, आमचा शनिवार आत्ता लागतोय."

नानांनी आकाश बघितलं, मग फोन बघितला. "ह्यात तर अजून सुक्करवारच हाय."

"फोनाचा दिवस मध्यरात्री बदलतो. शास्त्रातला दिवस सूर्य बुडाला की बदलतो. जग निर्माण झालं त्या गोष्टीत संध्याकाळ आधी येते, सकाळ नंतर. आमचा शब्बाथ शुक्रवारी बुडत्या सूर्याला सुरू होतो आणि शनिवारी बुडत्या सूर्याला संपतो."

नानांनी फोन खिशात टाकला. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. तिसऱ्या पाळीचा माणूस शनिवारी रात्री कामावर चढतो, रविवारी सकाळी उतरतो, आणि हजेरी शनिवारची लागते. म्हणजे कंपनीचा दिवस पहिल्या पाळीच्या भोंग्याला सुरू होतो. दिवस कुठून धरायचा हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं.

त्या दिवशी शनिवारवाले गच्चीवर गेले. खाली साखरपुडा, वर प्रार्थना. नानांनाच शेवटी वाईट वाटलं आणि त्यांनी मसालेभाताची ताटं वर पाठवली. काकांनी ताटाला हात लावायच्या आधी विचारलं, हे सूर्य बुडायच्या आधी शिजलंय का? कारण शब्बाथात चूल पेटवायची नाही. नाना म्हणाले, "दुपारीच आचारी मोकळा झालाय. गार भात वाढला म्हून खाली व्याही माझ्यावर वरडाया लागलाय." मग सगळे जेवले. किल्ली जाणार म्हणून मी सकाळपर्यंत जागा होतो. सकाळी नाना एवढंच म्हणाले, इथून पुढं त्यांचा सुक्करवार बी धरीत जा.

तेव्हापासून दावीदकाकांची आणि माझी ओळख वाढली. दर शनिवारी उपासना, शास्त्रवाचन सगळं आटोपलं की बाकीचे घरी जायचे, काका मागे राहायचे. माझ्याकडून गच्चीची किल्ली घ्यायचे आणि शनिवारला निरोप द्यायला वर जाऊन बसायचे. मीही जायचो. टाकीच्या सावलीत दोन उलटी टोपली टाकून आम्ही बसायचो. पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांचा त्यांचा वाचनाचा नाद मोठा. सांगायचे तेही वेल्डरसारखं, एक सांधा पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

म्हणायचे, अगदी पहिले जे होते ते सगळे यहुदी. ते शनिवार पाळायचेच. शनिवार मावळला की पहिला दिवस लागायचा, मग ते घरोघर जमून प्रभूच्या आठवणीत भाकर मोडायचे. म्हणजे बरेच लोक दोन्ही करत होते आणि कितीतरी वर्षं करत होते. रविवारी तेव्हा सुट्टी कुठली? तो कामाचा दिवस. त्यांच्यात गुलाम होते, हमाल होते, विणकर होते. मालकाचं काम सुरू व्हायच्या आधी, उजाडायच्या आत जमायचं, गाणी म्हणायची आणि कामावर जायचं. रविवारची सुट्टी पुष्कळ नंतर एका रोमी बादशहाने दिली.

हे ऐकून मी म्हटलं, मग आपले रविवारवाले तेच करतायत की. कारण आमच्याकडे रविवारची उपासना पहाटे साडेपाचला असते. नवख्या माणसाला त्याचं नवल वाटतं. पण भोसरी-तळवड्याकडच्या लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. पूर्वी कधीतरी विजेच्या सोयीसाठी ठरलेलं, ते तसंच चालू आहे. रविवारी सात वाजता ज्याला गेटवर हजेरी पंच करायचीय तो दहाच्या उपासनेला येणार कसा? म्हणून पहाट. डबा घेऊनच येतात बिचारे. हॉलच्या मागच्या भिंतीला डब्यांची रांग लागते, शेवटच्या गाण्याला प्रत्येक जण आपापला डबा उचलतो आणि आमेन म्हणत जिना उतरतो.

काका हसले नाहीत. त्यांना रविवारवाल्यांचं कौतुक ऐकायला आवडायचं नाही, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. त्या डब्यांच्या रांगेत एक डबा त्यांच्या मुलाचा होता.

शमुवेल एकुलता एक. काकांनीच त्याला वेल्डिंग शिकवलं. काकांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत झाली आणि त्या सगळ्या काळात त्यांनी एकही शनिवार काम केलं नाही. त्याची किंमत त्यांनी दिली होती. शनिवारच्या बदल्यात प्रत्येक रविवार, प्रत्येक दिवाळी, दसरा त्यांनी वेल्डिंगच्या ठिणग्यांसमोर काढला. बरोबरचे चार्जहँड झाले, सुपरवायझर झाले. हे वेल्डरच राहिले. पण शनिवार सोडला नाही.

शमुवेल चाकणला लागला तो कंत्राटावर. कंत्राटी माणसाने शनिवारी येणार नाही म्हटलं, की दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड गेटवर चालत नाही. दोन ठिकाणी असंच झालं. तिसऱ्या ठिकाणी तो शनिवारी कामावर गेला. पुढे लग्न झालं, बायको रविवारवाल्यांतली, तो तिच्याबरोबर पहाटे येऊ लागला. ज्या दिवशी काकांना हे कळलं त्या शनिवारी मी हॉलमध्येच होतो, माइकची वायर गुंडाळत. शमुवेल रात्रपाळी करून बापाला सांगायला आला होता. काका आवाज न चढवता म्हणाले, "चाळीस वर्षं मी जे धरलं, ते तू एका गेटपाससाठी सोडलंस. माझ्या घरात तुझं ताट लागणार नाही."

शमुवेल म्हणाला, "पप्पा, तुम्ही पर्मनंट होता." एवढंच म्हणून तो गेला.

काकू होत्या तोपर्यंत इकडचा निरोप तिकडे जायचा. त्या गेल्या आणि ते बंद पडलं. शमुवेल चऱ्होलीला नव्या बिल्डिंगीत, काका सांगवीला जुन्या खोलीत. एकाच हॉलमध्ये, एकाच खुर्च्यांवर दोघं बसायचे, फक्त एक दिवस आगेमागे. मधल्या वेळात मी.

मी कधी निरोप नेला नाही, कारण कुणी दिला नाही. पण काका शनिवारी विचारायचे, गेल्या रविवारी माणसं बरी होती का? मी सांगायचो, होती, शमुवेलची मुलगी आता गाण्यात उभी राहते. ते म्हणायचे, मी माणसांचं विचारलं. आणि रविवारी शमुवेल डबा उचलताना विचारायचा, काल जिना चढायला त्रास झाला का कुणाला? काकांचे गुडघे गेले होते. मी म्हणायचो, झाला थोडा. एका गुरुवारी तो मशीन घेऊन आला, नानांची परवानगी काढली आणि जिन्याला लोखंडी कठडा लावून दिला. मला बजावलं, नानांनी लावला म्हणून सांगा. शनिवारी काका कठड्यावरून हात फिरवत वर आले. वळणावरच्या सांध्यापाशी थांबले, अंगठ्याने तो चाचपला. मग म्हणाले, "नानांनी माणूस चांगला आणला."

आता ईस्टरचं सांगतो, कारण हॉलवाल्याला ईस्टरसारखा त्रासदायक सण नाही. नाताळची तारीख ठरलेली. ईस्टर दरवर्षी सरकतो. रविवारवाल्यांचे पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, मला जानेवारीतच तारीख सांगून ठेवतात, तरी मी दोनदा विचारतो. एकदा मी काकांना विचारलं, हे असं का? त्यांची मंडळी ईस्टर पाळत नाही. पण हिशेब त्यांना तोंडपाठ.

म्हणाले, दिवस-रात्र सारखे होतात ना मार्चमध्ये, त्यानंतरची पहिली पौर्णिमा धर. त्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. मी म्हटलं, म्हणजे चैत्री पौर्णिमा! म्हणून तर नानांच्या गावची जत्रा आणि ईस्टर बहुतेक वर्षी एकमेकांच्या मागे लागून येतात आणि माझा जीव जातो. अधिक महिना असला की गणित हलतं, पण एरवी जमतं.

चंद्राचा सण मला कळतो. आमची वैशाखी पौर्णिमा सोमवारी येवो नाहीतर गुरुवारी, आम्ही तिचा वार बदलत नाही. काका म्हणाले, पहिल्या काळात काही मंडळ्या अगदी असंच म्हणायच्या. यहुद्यांचा वल्हांडण, म्हणजे गुलामीतून सुटकेचा सण, चंद्राच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी, आणि प्रभूचं मरण त्या सणातलं. म्हणून आशियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडच्या, मंडळ्या म्हणायच्या, चौदावा दिवस कुठल्याही वारी येऊ दे, तोच आपला. रोमकडच्या म्हणायच्या, तो उठला रविवारी, तेव्हा सण रविवारीच. पुढे मोठी सभा भरली आणि सगळ्यांचा रविवार ठरला. त्याआधी शे-दीडशे वर्षं हा वाद चालू होता.

मी आणखी एक शंका काढली. शुक्रवारी संध्याकाळच्या आत पुरलं, रविवारी पहाटे थडगं रिकामं. मग तिसरा दिवस कसा? काका म्हणाले, तुमच्या गावाकडे माणूस शुक्रवारी गेला तर तिसरा कधी धरतात? मी म्हटलं, रविवारी. "मग झालं. तेही तसंच मोजायचे. सुरुवातीचा दिवस धरून."

एका वर्षी तर ईस्टर होऊन काही आठवडे लोटल्यावर चाकणच्या कंपनीत ट्रेनिंगला आलेले तीन-चार इथिओपियाचे इंजिनियर हॉल मागायला आले. म्हणाले, आमचा ईस्टर या रविवारी. मी घाबरलो, म्हटलं आपलीच तारीख चुकली. पाळकसाहेबांनी समजावलं, नियम तोच, त्यांचं पंचांग जुनं. ती माणसं दोन महिन्यांचा उपास करून वाळली होती. त्यांच्याकडून कळलं, की त्यांच्याकडे शनिवारलाही मान आहे आणि रविवारलाही. मी ही बातमी काकांना उत्साहाने सांगितली. ते डोंगराकडे बघत म्हणाले, त्यांच्या देशात कंत्राटदार नसेल.

आणि मग मागच्या वर्षीचा ईस्टर आला.

त्याआधी तीन आठवडे शमुवेलने मला सांगितलं, की कंपनीची त्याची लाइन गुजरातला चाललीय. तिकडे आला तर पर्मनंट करू म्हणालेत. बायको-मुलीला घेऊन तो ईस्टरनंतर लगेच जाणार होता. हे तो कठड्याला टेकून सांगत होता आणि नजर माझ्यावर नव्हती. मला कळलं की या वेळी हा काकांना पोचवायचा निरोप आहे. शनिवारी मी गच्चीवर काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." पुढचा शनिवार गेला. काकांनी विषय काढला नाही. मला रात्री झोप येईना. कुसुम म्हणाली, बाप त्यांचा, मुलगा त्यांचा, तुम्ही का कुशी बदलताय? पण मी रोज त्या दोघांच्या मध्ये झाडू मारणारा माणूस. शेवटचा शनिवार आणि शेवटचा रविवार उरला होता, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी रविवारवाल्यांना सजावटीसाठी संध्याकाळीच हॉल हवा होता. मी सांगितलं होतं, सूर्य बुडल्याशिवाय वर यायचं नाही. शमुवेल मोगऱ्याच्या माळांची पिशवी घेऊन लवकरच आला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर थांबला. गच्चीवरून तो स्वच्छ दिसत होता. काकांनाही दिसत असणार. आम्ही आमच्या टोपल्यांवर बसलो होतो.

मी बोलायला विषय हवा म्हणून विचारलं, की ते चौदाव्या दिवसवाले आणि रविवारवाले, त्यांच्यात कधी समोरासमोर बोलणं झालं का?

काका म्हणाले, झालं. आशियातला एक म्हातारा धर्मगुरू होता, ऐंशीच्या पुढचा. ज्यांनी प्रभूला डोळ्यांनी पाहिलं त्यांच्या हाताखाली शिकलेला. तो त्या वयात समुद्र ओलांडून रोमला गेला, तिथल्या धर्मगुरूला भेटला. त्याने सांगितलं, मी हा दिवस माझ्या गुरूंबरोबर पाळलाय, मी सोडणार नाही. रोमचा म्हणाला, मीही माझ्या आधीच्यांकडून घेतलंय, मीही सोडणार नाही. दोघांनी एकमेकांना समजावून बघितलं. कुणी हललं नाही.

"मग?"

"मग काय. उपासनेत भाकर मोडायचा मान रोमवाल्याने त्या म्हाताऱ्याला दिला. एकत्र बसले. आणि तो आपल्या गावी परत गेला."

"आणि दोघांत बरोबर कोणाचं होतं?"

"ते लिहिलेलं नाही," काका म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ गुडघा चोळला.

सूर्याचा खालचा काठ डोंगराला लागला. मी धीर केला आणि म्हटलं, काका, तो खाली उभा आहे. काका म्हणाले, दिसतोय मला. सूर्य गेला. त्यांनी डोळे मिटून ओठातल्या ओठात प्रार्थना केली, टोपलं जागेवर ठेवलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरले. टपरीसमोरून जाताना शमुवेल ग्लास हातात घेऊन उठून उभा राहिला. काका थांबले नाहीत. सरळ बसथांब्याकडे गेले.

शमुवेल वर आला, माळा बांधल्या, दिव्यांची वायर लावली. जाताना त्याने विचारलं, "कठडा धरून उतरले ना?" मी म्हटलं, हो. तो गेला. मी खुर्च्या तशाच भिंतीला लावून ठेवल्या. वाटलं, मघाशी गच्चीवर आपण आणखी दोन वाक्यं बोललो असतो तर. मोठ्या माणसांच्या घरातलं बोलायची मला सवय नाही. ज्याची खोली दुसऱ्याच्या मेहेरबानीवर आहे तो जपूनच बोलतो.

पहाटे खुर्च्या लावायच्या म्हणून मी लवकर उठलो. खालचं लोखंडी दार उघडायला गेलो तर दारापाशी काका उभे. सांगवीहून त्या वेळी बस नसते. रिक्षाने आले असावेत. अंगात पांढरा शर्ट नव्हता, जुना खाकी होता, कंपनीतला.

मी म्हटलं, काका, आज रविवार आहे.

"माहीत आहे. आठवड्याचा पहिला दिवस, कामाचा. आमच्यात रविवारी काम करायला बंदी नाही. खुर्च्या कुठायत?"

मी त्यांना वर नेलं. त्यांनी मला बाजूला केलं आणि चार-चार खुर्च्यांची चवड ओढत आणून लावायला लागले. गुडघे कुरकुरत होते, पण मला हात लावू देईनात. अर्धा हॉल लावून झाला तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. शमुवेल उकडलेल्या अंड्यांचं मोठं पातेलं घेऊन दारात आला, मागे त्याची बायको आणि मुलगी. तो दारातच थिजला. काकांची पाठ त्याच्याकडे होती. त्यांनी वळून न बघता खुर्च्यांच्या रांगेवर नजर लावली, एक डोळा बारीक केला, आणि म्हणाले, "ही रांग वाकडी आहे. तिकडून धर. दोन सूत आत घे."

शमुवेलने पातेलं खाली ठेवलं आणि रांगेचं दुसरं टोक धरलं. "आणखी?"

"आणखी थोडी. बस."

मग त्या बापलेकांनी उरलेला हॉल लावला. मी इतकी वर्षं खुर्च्या लावतोय, पण तशा सरळ रांगा माझ्याने कधी लागल्या नाहीत. बोलणं एवढंच, इकडे घे, तिकडे घे, सोड. शमुवेलची बायको माळा नीट करत राहिली. मुलगी आजोबांच्या मागे मागे फिरून प्रत्येक खुर्चीवर गाण्याची पुस्तिका ठेवत होती.

माणसं येऊ लागली तशी काकांनी माझ्याकडून फडकं मागून घेतलं आणि गॅलरीत जाऊन ग्रील पुसायला लागले. पाळकसाहेब शहाणे. त्यांनी काकांना आत बोलावलं नाही, नुसता हात जोडून नमस्कार केला आणि दार सताड उघडं ठेवलं. उजाडायच्या आधी आत गाणं सुरू झालं. खालून पहिल्या पाळीच्या बसगाड्या चाकणकडे निघाल्या होत्या. काका ग्रीलचा एकेक गज वरपासून खालपर्यंत पुसत होते. ते ग्रील एवढं मळलेलं नव्हतं.

उपासना संपली. ज्यांना कामावर जायचं होतं ते अंडी-पाव हातात घेऊनच जिना उतरले. बाकीचे बसले. शमुवेलने कागदी ताटली भरली, चहाचा कप घेतला आणि दोन्ही गॅलरीत नेलं. काका फडकं पिळत होते. तो ताटली धरून उभा राहिला. मी दाराशीच थांबून बघत होतो, कारण चार माणसांत ते नाही म्हणाले असते तर शमुवेल ते आयुष्यभर घेऊन गुजरातला गेला असता.

काकांनी ताटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"कामगाराला उभ्यानेच नाश्ता देता का तुमच्यात?"

मी पळत दोन खुर्च्या आणल्या. काका एकीवर बसले, शमुवेल दुसरीवर. मुलीने खाली बसून आजोबांचं अंडं सोलायला घेतलं. सूर्य गाळ्यांच्या पत्र्यावर आला होता.

"सामानाचा टेम्पो कधी भरणार?" काकांनी विचारलं.

"उद्या दुपारी. आम्ही मंगळवारी सकाळी निघू. रेल्वेने."

काकांनी पाव चहात बुडवला, खाल्ला, हात पुसले.

"मंगळवारी मला काम नाही," ते म्हणाले.

रिटायर माणसाला कुठल्याच वारी काम नसतं, हे तिथे कुणी बोललं नाही. शमुवेलने त्यांच्या ताटलीत आणखी एक अंडं ठेवलं, आणि काकांनी ते राहू दिलं.